बिनमिठाचा घाम

३ फेब्रुवारी

लागली एकदाची नोकरी. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून आईने अबोला धरला होता, तो आज फोनवर सुटला. कसली नोकरी, तिने विचारलं. बर्फ सांभाळायची, म्हटलं. तिने परत अबोला धरला.

पण खरंच बर्फच सांभाळायचा आहे. गावाच्या टोकाला एका संशोधन केंद्राचं शीतगृह आहे. हजारो वर्षं थरावर थर साठलेल्या बर्फात नळी उतरवून काढलेल्या लांबच लांब कांड्या तिथे फळ्यांवर निजवून ठेवतात. मी त्या ट्रेमधून करवतीपर्यंत न्यायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. करवत चालवतात ते करवतकाका. भुवयांवर कायम पांढरी साय. त्यांनी आल्याआल्या निळ्या बादलीतली एक छाट, म्हणजे कापताना उरलेला टाकाऊ तुकडा, पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि म्हणाले, कान लाव. तडतड ऐकू आली. बर्फात कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते. नव्या माणसाचं स्वागत इथे असंच होतं म्हणे. नियम एकच, पेल्यात टाकायचा तुकडा बादलीतलाच.

खोली बेकरीसमोर मिळाली. मिळाली कसली, हट्टाने मिळवली. माझ्या वर्गात होती ना ती, बेकरी तिच्या दादाची आहे, आणि परीक्षा देऊन ती आता तिथेच भट्टीपाशी उभी राहते. ती नसलेल्या वर्गात मी काय करणार होतो? दादाने मला बघितलं, पाव बांधता बांधता म्हणाला, या प्रोफेसर, शिक्षण झालं वाटतं पुरं. ती हसली. हसू दे. पाव देताना तिचा हात लागला. काय गरम हात आहेत तिचे.

९ फेब्रुवारी

केंद्राच्या प्रमुख बाईंनी आज लाल पट्टीची कांडी दिव्यासमोर धरून दाखवली. सगळे तिला ‘वळण’ म्हणतात. तिच्यातला बर्फ साठला तेव्हा जग तापत चाललं होतं, देशच्या देश झाकणारे हिमथर वितळत होते. ते गोडं पाणी समुद्रात आलं आणि हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर पसरून बसलं. त्याआधी काय व्हायचं, तर गरम प्रदेशातून आलेलं खारं पाणी थंड होऊन जड व्हायचं, तळाला जायचं आणि मागून आणखी गरम पाणी ओढून आणायचं. गोड्या पाण्याने ते बुडणंच बंद पाडलं. ओघ थांबला, ऊब थांबली, आणि एका माणसाच्या हयातीत सगळं गारठलं. मी म्हटलं, म्हणजे वितळलं म्हणून गोठलं? बाई म्हणाल्या, अरे, कॉलेज सोडायची घाई केलीस तू.

संध्याकाळी तिच्यासाठी थर्मासमधून छाट नेली. पेल्यात धड वाजलीही नाही, गढूळ होऊन विरून गेली. ती म्हणाली, माझ्या वाट्याला कायम उरलंसुरलंच का रे? दादा मागून फिदीफिदी हसला. माझं डोकंच फिरलं.

१२ फेब्रुवारी

काका चहाला गेले होते. ‘वळण’ करवतीपाशी होतं, वजन करायचं म्हणून बाहेर काढलेलं. टोकाचा तुकडा हातमोज्याने दाबला तर सहज निघाला. बोटाच्या पेराएवढा. कोणाला काय कळतंय?

तिच्या पेल्यात तो असा वाजला की दादासुद्धा काउंटर सोडून आला. ती म्हणाली, भट्टीतून काढलेले पाव फळीवर ठेवले की अगदी असेच बोलतात. मग तिने ते पाणी घटाघट पिऊन टाकलं. माझ्याकडे बघत. आज मी राजा आहे.

१५ फेब्रुवारी

तिला ताप आलाय. गाल लाल झालेत, डोळे चमकतायत, आणि मला लाज वाटते लिहायला, पण इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती. दादा म्हणतो, भट्टी बंद ठेवू, हिच्याच पाठीवर पाव भाजू.

तिकडे बाईंना ‘वळणा’चं टोक नाही हे कळलं. सगळ्यांना उभं करून विचारलं. कांडीचा नेमका तोच भाग पुन्हा मिळणार नाही, म्हणाल्या. करवतकाका म्हणाले, करवत माझी, जबाबदारी माझी. त्यांना घरी बसवलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, पोरा, पायमोजे दोन घालत जा.

उद्या सांगतो. नक्की.

१८ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

ताप चढतोच आहे. घाम थांबत नाही. चादर पिळली तर बादलीत पाणी साचतं. दादा बादली ओतायला गेला तेव्हा मी वाकून तिच्या कपाळावर ओठ ठेवले. घामाला चव नव्हती. मीठ नाहीच. स्वच्छ, गोडं पाणी.

डॉक्टरांनी विचारलं, काही वेगळं खाल्लंय-प्यायलंय का? दादा म्हणाला, घरचंच सगळं. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. कोणी एकदा बघितलं असतं तर मी बोललो असतो. निदान असं मला वाटतं.

२० फेब्रुवारी

ताप उतरला. दादा आनंदाने रडला. ती उठून भट्टीपाशी गेली, पीठ मळलं. ते फुगलं नाही. दुसरं मळलं, तेही दगडासारखं पडून राहिलं. भट्टीसमोर बसून तिचे दात वाजत होते. मी हात धरला. शीतगृहातला लोखंडी कठडा उघड्या हाताने धरल्यासारखं वाटलं.

डॉक्टर नाडी शोधत राहिले. ठोके आहेत, म्हणाले, पण रक्त फिरायचं विसरल्यासारखं झालंय. असं कधी बघितलं नाही.

मी बघितलंय. दिव्यासमोर.

२१ फेब्रुवारी

बाईंना सगळं सांगितलं. चोरी, काका, पेला, ती. ओरडल्या नाहीत. आधी काकांना फोन करून माफी मागितली. मग मला म्हणाल्या, बर्फातल्या पाण्याने माणूस असा आजारी पडत नाही, तुला अपराधाने भ्रम झालाय, झोप जरा. मी म्हटलं, बरं, भ्रम. पण तेव्हा, त्या वळणानंतर, ऊब परत कधी आली?

हजारएक वर्षांनी, म्हणाल्या. थोडी जास्तच.

२२ फेब्रुवारी

भट्टी पेटत नाही. ती असलेल्या खोलीत काडीसुद्धा — पाण्याचा नळ गोठला. रस्त्यावर ऊन आहे. लोक अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून फिरतायत. दादाने सगळी पोती तिच्यावर घातली आणि दुसरा डॉक्टर आणायला गेला. जाताना म्हणाला, प्रोफेसर, तिच्यापाशी बस, तुझा मोठा आधार आहे रे.

आधार.

२३ —

तिला सांगितलं. लाल पट्टी, टोक, सगळं. वाटलं थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं — ती म्हणाली, माझ्यासाठी आणलंस ना, मग असू दे.

ती मरत नाहीये. डोळे उघडे, बोलते, हळू. मरणार नाहीच. तेच तर —

दादा परत आला. दारातच उभा आहे. किती वेळ. हलत नाही. भुवया पांढऱ्या —

तिने हात धरलाय माझा. डावा. सुटत नाही. मनगटापर्यंत कळत होतं, आता कोपर — उजव्याने लिहितोय, शाई घट्ट —

ऊब येईपर्यंत थांबशील ना, म्हणाली. हो म्हटलं. लगेच म्हटलं.

आता विचारते, किती दिवस. बाईंचा हजाराचा आकडा तिला सांगितलेला नाही. तेवढाच राहिलाय. परत गप्प बसलो तर मी — नाही. सांगतो. ती बघतेय माझ्याकडे, वाट बघत, हसतेय, मी आत्ता तों