अर्ध्याचं अर्धं

४ फेब्रुवारी

ती. दादास,
ठमीचा साष्टांग नमस्कार. आईला, वहिनीला नमस्कार आणि छोटीला गोड पापा.

फोनवर आई कान टवकारून शेजारी बसलेली असते, म्हणून पत्र. मुद्दाम मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. तरी भिंग लागलं तर वहिनीला वाचायला सांगू नकोस. हे आपल्या दोघांतलं आहे.

परवा दुकानाच्या तळघरातून सुट्या भागांचा खोका आणायला गेले आणि शेवटची पायरी दिसलीच नाही. पडले नाही, पण गुडघ्याला खरचटलं. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. काल एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मनगटी घड्याळ उघडलं आणि तिळाएवढा स्क्रू बोटातून निसटला. तासभर जमिनीवर रांगत होते. मग तो माझ्याच बाहीला सापडला. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. बाबांनाही आधी अंधारातलंच दिसेनासं झालं होतं ना? आणि तुलाही.

आईचं म्हणणं तुला ठाऊक आहे. बाबांच्या डोळ्यांचं दुखणं दोघा मुलांत एकाला यायचं होतं, ते दादाने अंगावर घेतलं, आता ठमी सुटली. डॉक्टर बाई तर निम्मी शक्यता म्हणतात. दोघांत निम्मी म्हणजे एकच की रे! तू गणिताचा मास्तर, खरं काय ते सांग. लग्नाला तीन वर्षं झाली. मूल हवं असं आम्हा दोघांनाही वाटतं, आणि मीच दर वेळी विषय बदलते. रक्ताची तपासणी करता येते म्हणतात. करू का?

कळावे. लोभ असू दे, आणि उत्तराला उशीर नको.
तुझी,
ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

माझ्या ओळी तिरक्या जातील, चालवून घे. परवा वर्गात मी आधीच्या गणितावरच दुसरं गणित लिहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी नम्रपणे सांगितलं की फळ्यावर आता जंगल झालंय. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. मला अजून मधला गोल स्वच्छ दिसतो गं, कडेचं तेवढं गेलंय. दाराची चौकट मात्र रोज एकदा तरी खांद्याला भेटतेच.

आता आईचं गणित. बाबांच्या शिलाई मशीनजवळचा बटणांचा डबा आठव. समज त्यात दोनच बटणं आहेत, एक काळं, एक पांढरं. आईला वाटतं, मी काळं उचलून खिशात घातलं, आता डब्यात पांढरंच उरलं. तसं असतं तर तुझं माझ्यावर अवलंबून राहिलं असतं आणि आई बरोबर ठरली असती. पण इथे उचललेलं बटण नुसतं बघायचं आणि डब्यात परत टाकायचं. मी आलो तेव्हा डब्यात दोन बटणं होती. सात वर्षांनी तू आलीस, तेव्हाही तीच दोन. दोघांचं मिळून चार तऱ्हांनी होऊ शकलं असतं: दोघंही सुटलो, दोघंही सापडलो, मी एकटा, किंवा तू एकटी. चारही सारख्याच संभवाच्या. मी सापडलो हे कळल्यावर त्यातल्या दोन तऱ्हा खोडल्या गेल्या. उरल्या दोन, आणि त्यांतल्या एकीत तू आहेस. म्हणजे तुझं अर्धं ते अर्धंच. मी तुझ्यासाठी काही अंगावर घेतलेलं नाही. आईला हे सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

तुझ्या मुलाचं मात्र वेगळं. तिथे दुसरी गोष्ट पहिलीवर टेकलेली आहे. आधी तुझ्याकडे यायला हवं, आणि मग तुझ्याकडून त्याच्याकडे. अर्ध्याचं अर्धं, म्हणजे आज पाव. पण तपासणी झाली की हा पाव उरत नाही. तुझ्यात नसेल तर शून्य, असेल तर अर्धं. मधलं काही नाही.

करू का, हे गणित सांगत नाही. माझ्याकडे बघून ठरवू नकोस, एवढंच सांगतो. पायरी न दिसणं म्हणजे दुखणंच असंही नव्हे. तू लहानपणी भर दुपारी विजेच्या खांबाला धडकायचीस.

कळावे. माया आहे तशीच आहे, तिला शक्यता लागत नाही.
तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग काम बाजूला सारून वाटीत दोन बटणं टाकली आणि ह्यांना समोर बसवलं. आधी माझ्या नावाने उचलायचं. पांढरं आलं तर बाळ सुटलं, डाव संपला. काळं आलं तर परत टाकून बाळाच्या नावाने उचलायचं. असे चाळीस डाव केले. अकरा वेळा दोन्ही काळी आली. अगदी दहा नाही, पण पावाच्या जवळच. मला हुरूप आला होता, अजून चाळीस करायचे होते. ह्यांनी वाटी उचलून कपाटात ठेवली आणि म्हणाले की बटणं हजार वेळा उचललीस तरी आपल्याला एकदाच काय ते कळायचंय. ते एरवी इतकं बोलत नाहीत.

तेव्हा काल रक्त देऊन आले. निकालाला तीन-चार आठवडे लागतात, आणि तो फोनवर सांगत नाहीत, समोर बसवून सांगतात. त्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक कागदी रुमालांचा डबा होता. डबा नवा कोरा होता की अर्धा रिकामा, ते बघायला विसरले.

हाताला स्वस्थता नाही. घरातली सगळी घड्याळं उघडून पुसून झाली. शेजारणीचंही मागून आणलं, ते तर चालूच होतं. आईने फोनवर विचारलं की आवाज असा का. सर्दी म्हटलं.

कळावे. आठवण आहेच, तू काळजी करू नकोस. ती मी दोघांच्या वाटची करते आहे.
तुझी,
ठमी

२० मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

चार आठवडे होऊन गेले. तुझं पत्र नाही. फोनवर तू आईशी भाजीच्या भावांबद्दल बोलतेस आणि मी फोन घेतला की कुणीतरी गिऱ्हाईक येतं. रविवारीसुद्धा गिऱ्हाईक? मी मधलंच बघू शकतो, पण मला कळतं.

बरंवाईट काही लिहू नकोस. मीच लिहितो. पहिले सहा महिने वाईट जातात. मी रोज हात पसरून नजर मोजायचो, काल इथवर दिसत होतं, आज कुठवर. तसं मोजत बसू नकोस. त्यातून काही हाती लागत नाही, मनस्ताप तेवढा होतो. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारून घे. पांढऱ्या कपात चहा ओत, दूध नको, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. दिव्याखालची जागा आजच धर. तुझं काम बोटांचं आहे, आणि बाबांनी शेवटची आठ वर्षं नुसत्या स्पर्शाने कापड बेतलं. एकही बाही आखूड झाली नाही. आणि मुलाचं आत्ताच काही ठरवू नकोस. अर्धं म्हणजे अर्धं सुटकेचंही असतं.

छोटीला घेऊन मी पुढच्या महिन्यात येतो. तोवर एक ओळ लिही. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

कळावे. मी आहे.
तुझा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

कुठल्या तोंडाने लिहू. दादा, माझ्यात ते नाही. निकाल बारा तारखेलाच कळला. पायरीचं म्हणशील तर तळघरातला दिवा मिणमिणता होता आणि मला साधा चष्मा लागलाय, इतकंच.

डॉक्टर बाईंनी सांगितलं तेव्हा मी हसले नाही की रडले नाही. हेच घळाघळा रडले. बाहेर येऊन तुला लिहायला बसले आणि कागदावर नुसता नमस्कार झाला. असे पाच नमस्कार फाडले. तुला काय लिहू, की मी सुटले आणि तू नाहीस? मग तुझं ते पत्र आलं. कप, पांढरे पट्टे, बाबांच्या बाह्या. तू माझ्यासाठी इतके दिवस झुरलास, आणि मी धडधाकट डोळ्यांनी ते वाचत होते.

तुझा हिशेब डोक्याला पटतो. पण मनात आईचंच खरं वाटतं, की तुझ्या ताटातलं मी ओढून घेतलं. आणि छोटीचं काय? माझ्या बाळाचं शून्य झालं, आणि आपल्या छोटीचं अर्धं तसंच राहिलं. हे मी तुला कोणत्या आनंदाने कळवायचं होतं?

रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझी,
ठमी

३१ मार्च

चि. ठमीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

खोटं बोलत नाही. पत्र वाचलं आणि मला राग आला. तू लपवलंस याचा नव्हे, तू सुटलीस याचा. उठून अंगणात गेलो आणि पंधरा-वीस मिनिटं नळाजवळ उभा राहिलो. मग एक साधी गोष्ट विचारली स्वतःला. तुझा निकाल वाईट आला असता तर माझी नजर तसूभर तरी वाढली असती का? चौकट खांद्याला लागायची थांबली असती का? नाही. घरात दोन आंधळे झाले असते, एवढंच. शेजारी शेजारी घडलेल्या दोन गोष्टी आहेत या, ठमे, एकीने दुसरीचं काही घेतलेलं नाही. मी हे वीस वर्षं मुलांना शिकवतो आहे आणि मला त्या दिवशी नळाजवळ कळलं.

मग सरळ आत जाऊन आईला सगळं सांगितलं. तिचं गणित चूक होतं, हेही. ती म्हणाली की तिलाही ते कधी खरं वाटलं नव्हतं. तू घरात आलीस की कपबशी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवून ती बघायची, तुला दिसते की नाही ते. दहा वर्षं. त्या दुपारी ती गाढ झोपली. आम्ही तिला उठवलं नाही.

छोटीचं अर्धं आहे. ते माझ्याकडूनच आलं आहे, आणि ते मला कुठल्याही रीतीने सोडवता येत नाही. ती मोठी होऊन स्वतः ठरवेपर्यंत तपासणी करत नाहीत. रोज सकाळी तिची वेणी घालताना मला ते आठवतं आणि भांग वाकडा जातो. तो राग तुझ्यावर काढणार नाही, पण तो आहे, हे तुला माहीत असू दे.

आता माझं तुझ्याकडचं काम. काल डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. हा मधला गोल अजून दोन वर्षं टिकेल, फार तर तीन. पुढचं त्यांना सांगता येत नाही. त्यातून नऊ महिने वजा कर, आणि जावईबापूंच्या मुलखावेगळ्या सावकाश स्वभावाचे आणखी काही कर. फार उरत नाही, बाई. मला भाच्याचं किंवा भाचीचं तोंड बघायचं आहे. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, सगळं नीट बघायचं आहे. तेव्हा तो विषय आता बदलू नकोस.

कळावे. लोभ पुष्कळ आहे, वेळ कमी आहे. घाई कर.
तुझा,
दादा