धुळाजी सरांचा रंधा

मंगळवार, १ जुलै २०२५
नववीला सुतारकाम घेतलं. गणिताच्या भीतीनं नाही, आवड म्हणून. प्लॅन ठरलाय: दहावी, केजला आयटीआय, मग पुण्यात स्वतःचं वर्कशॉप. बाबा म्हणाले, आधी आठवीतलं स्टूल पूर्ण कर. करणारच. तीन पाय झालेत.

शुक्रवार, ४ जुलै
सुतारकामाचे धुळाजी सर उन्हाळ्याच्या सुट्टीत वारले. आता चित्रकलेचे पंडित सर हा तास घेतात. त्यांना पटाशी धरता येत नाही. म्हणजे शाळेत यातला जाणकार मीच. चौथा पाय बसवला. स्टूल डुलतं. फरशी वाकडी असावी.

बुधवार, ९ जुलै, मधली सुट्टी
वर्कशॉपच्या दाराला कुलूप, आणि आतून रंधा मारल्याचा आवाज. रंध्याचे दोन लांब हात, मग थांबणं. धुळाजी सर असंच मारायचे. पळालो. भिऊन नाही, तास होता. अर्ध्या तासानं.

शुक्रवार, ११ जुलै
स्टूल डुलत नाही! मी हातही लावला नव्हता. खाली रंध्यानं निघालेल्या ताज्या साली. सरांनी वारस निवडला. कुणाला सांगितलं नाही, उगाच जळतील.

मंगळवार, १५ जुलै
बीडच्या प्रदर्शनाला शाळेची एकच वस्तू जाणार. माझीच. प्रॅक्टिस बंद केली. सरांच्या कामात लुडबूड नको.

गुरुवार, १७ जुलै
पुन्हा आवाज. मागच्या बाजूनं गेलो, दार नुसतं लोटलेलं. आत सरांचा खाकी कोट, पाठमोरा. कसाबसा म्हणालो, सर, मी शहादेव.
वळली ती सुकन्या. सरांची मुलगी, माझ्याच वर्गातली. कोट वडलांचा, मागच्या दाराची चावीही त्यांचीच. म्हणाली, घरात हा आवाज नाही तर करमत नाही.
विचारलं, मग माझंच स्टूल कावून?
ती म्हणाली, "शाळेच्या शेवटच्या दिवशी अण्णा त्याच्यावरच हात ठेवून बसलते. म्हणले, हे लई वाकडं हाय. ह्या पोराला शिकवायचं राहून गेलं."

बुधवार, २३ जुलै
प्रदर्शनाला सुकन्याचा चौरंग गेला. स्टूल पाठवू नका असं मीच सांगितलं. आधी निवड झाली होती, नंतर सांगितलं. मधल्या सुट्टीत तिनं रंधा माझ्या हातात दिला. एक साल अखंड निघेना, नुसता चुरा. ती समोर उभी होती. पण कुणीतरी माझ्या पाठीमागंही उभं होतं. वळून बघितलं नाही. पुन्हा रंधा लावला.