गाठीनंतरचा राजा

धामणकर नाका, भिवंडी

बायजाआत्ये,

माझं पुस्तक आलं गं! पहिलंच, अकरा गोष्टींचं. त्यात हत्ती झाडावर झोपतात आणि नवरदेव मांडवातच मासा होतो. संपादकबाईंनी विचारलं, "नेत्रा, हे सुचतं कुठून?" मी नुसतीच हसले, चोर कुठली!

नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात तू कांड्यांवर सूत भरता भरता मला गोष्ट सांगायचीस. धागा तुटला की गोष्ट टाकून गाठ मारायचीस आणि मग विचारायचीस, "कुठं व्हतो गं आपण?" मी सांगायच्या आत भलतीकडूनच सुरू! गाठीआधी हत्तीवर बसलेला राजा गाठीनंतर खाडीत पोहत असायचा. मला वाटायचं, गोष्टी अशाच असतात. अजून वाटतं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुला वाचता येत नाही, आणि तुझा लेक, आपला दीपेशदादा, वाचायला बसला तर चूक समजून राजाला परत हत्तीवर बसवेल. रविवारी वज्रेश्वरीच्या बसने मीच येते, सगळं वाचून दाखवते.

सोबत शाईचं पॅड आणतेय. पहिल्या प्रतीवर लेखिकेची सही लागते. माझ्या नावाच्या वर जागा आहे, तिथे तुझा अंगठा उमटव.

तुझीच चोरटी,
नेत्रा