हिरवी रेष

फ्रीगंज, उज्जैन
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय सुलूताई,

नाशिकला तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून लिहितेय.

काल महाकालाच्या सवारीचा सोमवार, गावभर यात्रेकरूंची गर्दी. यात्रेकरूंना खोल्या बुक करून देणारं आमचं ॲप दुपारी पार ढेपाळलं. तू नेहमी विचारतेस ना, दिवसभर बघतेस तरी काय? वारंवार लागणारी माहिती आम्ही हाताशी ठेवतो, तिला कॅश म्हणतात. कॅश भरली की आतलं काहीतरी बाहेर टाकलं जातं. मग हवं ते तिथे सापडलं नाही की मूळ डेटाबेसपर्यंत जावं लागतं आणि सगळं रखडतं. किती सापडतंय, याची एक हिरवी रेष माझ्या स्क्रीनवर असते. ती खाली जाऊ द्यायची नाही, एवढीच माझी नोकरी.

काल ती घसरतच गेली. इंदूरहून माझ्या टीममधला सुमीत फोनवर, "मॅडम, मिस बढ़ते जा रहे हैं." मिस म्हणजे कॅशमध्ये न सापडणं. बाजूला आई. हल्ली ती रोज खुर्ची ओढून माझ्याजवळ बसते. तिला माझी सोबत आवडते, असं मी तुला सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं.

तिने माझं मनगट धरलं. "अगं, नर्सला बोलाव. ह्यांची रेष खाली चाललीये."

ताई, तिला ते बाबांचं मशीन वाटतं. आयसीयूच्या काचेतून बघायची ना, तेच. उन्हाळ्यापासून हे चाललंय. बाबा गेले, हे मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. आता सांगत नाही.

"बघते हं," म्हटलं आणि काम करत राहिले. एकदाच ॲप उघडून जाणाऱ्यांचे शोधही साठवले जात होते. त्या गर्दीत रोजचं, कामाचं बाहेर फेकलं जात होतं. ते साठवणं बंद केलं. हळूहळू रेष वर आली.

आईने डोळे पुसले. चहा कर म्हणाली, आज साखर घालून. मग म्हणाली, "आता बरे आहेत. सुलूला कळव, धावत येऊ नकोस म्हणावं. मुलांच्या परीक्षा आहेत."

बाबांच्या वेळीही तिने माझ्याकडून हेच कळवलं होतं, आणि तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं.

निरोप पोचवला. पण या वेळी तो ऐकू नकोस. ये. मला झोप हवीये, आणि आईला अजून तुझं नाव आठवतंय.

तुझी,
अश्लेषा