मोजताना बोलायचं नाही

दादा,

वहिनीला दवाखान्यातून माझ्या खोलीवर नेतेय. तिचे कपडे घ्यायला आले होते. तू घरात नव्हतास ते बरं झालं, नाहीतर आज मी तुझंच डोकं फोडलं असतं.

पंख्याच्या मोटारीची कॉइल गुंडाळताना तारेचे वेढे मोजणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम तुझाच. एकदा ती मध्येच बोलली आणि मोजणी चुकली, तेव्हा तूच तारेचं रीळ तिला फेकून मारलंस. काल तू हाक मारलीस आणि ती मोजत होती म्हणून गप्प राहिली, तर तुला तो माज वाटला. गुंडाळायच्या मशीनचं फिरवायचं हँडल उपसून तिच्या डोक्यात घातलंस.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. ती वेढ्यांचा आकडाच सांगत राहिली.

पाय घसरून पडली, असं शेजारी सांगत फिरू नकोस. हँडल पोलिसांकडे दिलंय. फरशीवरचं रक्त तूच पूस.

अर्धी कॉइल मशीनवर तशीच आहे. तार केसाएवढी बारीक आहे, हिसडा मारू नकोस. तिने सांगितलेला आकडा शेजारी लिहून ठेवलाय. तिथून पुढे हातानेच गुंडाळ आणि निवांत मोज. मध्ये बोलायला आता घरात कुणी नाही.