देवळातली गिरणी

१८ मार्च १९७३, रवि.
ख्रिस्ती देवळातल्या बाकांविषयी मानवजातीने एकदा गंभीरपणे विचार करावा. मांडी घालावी तर गुडघे शेजाऱ्याच्या बरगडीत, पाय सोडावे तर जमिनीला टेकत नाहीत. दीड तास लोंबकळत बसलो. माझ्या पायांना आलेल्या मुंग्यांबद्दल कोणीही दोन शब्द बोललं नाही.

शेजारच्या साळवे मास्तरांचा आग्रह म्हणून गेलो. उपवासाच्या दिवसांतली गाणी, फक्त पुरुष, आठ जण, पांढरे सदरे, समोर मास्तर हात हलवताहेत. वेगवेगळे जण वेगवेगळं म्हणत होते. बाकीचे निदान वर-खाली तरी जात होते. टोकाला उभा असलेला पाटोळे मात्र सबंध गाणं एकाच सुरावर. हा श्रीरामपूरच्या एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारतो. इथे देवाला पुकारत असावा, पण गाडी काही सुटेना.

गाणं संपलं. टाळी नाही, वाहवा नाही. सगळे खाली मान घालून गप्प. म्हटलं, यांनाही आवडलेलं दिसत नाही.

२१ मार्च
साप्ताहिकातलं माझं विनोदी सदर एका बैठकीत लिहून झालं. "बाकीचे सात जण स्वर्गाकडे निघाले; आठवा पिठाची गिरणी चालू करून दळणाची वाट पाहत बसला." सौ.ला वाचून दाखवलं. पोट धरून हसली, मग म्हणाली, पाटोळ्याला वाईट वाटेल. नाव कुठे दिलंय, म्हटलं. "नाव नाही, पण आवाज दिलाय की."
बायकांना विनोद कळत नाही, असं लिहिणार होतो. नाही लिहीत.

२७ मार्च, मंगळ.
अंक आला. बेलापूरच्या सलूनमध्ये मोठ्याने वाचन झालं, निम्म्या दाढीवर गिऱ्हाईक हसतंय. कोपरगावहून एकाने मुद्दाम कळवलं, असं वर्षात वाचलं नाही.

दुपारी श्रीरामपूर स्टँडवर. कर्ण्यातून पाटोळ्याचा आवाज आला, "नगरकडे जाणारी..." आणि फलाटावरून कोणीतरी ओरडलं, "गिरणी चालू झाली रं." सगळा स्टँड हसला. रेशनच्या मिलो ज्वारीची पोती घेऊन बसलेली माणसंसुद्धा. मीही हसलो. स्वतःच्या विनोदाला न हसणं जड जातं.
नगरकडे जाणारी काय, ते कर्ण्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

१ एप्रिल, रवि.
पुन्हा देवळात. सदराचा दुसरा भाग करावा म्हणून गेलो, हे इथे तरी खरं लिहावं.
पाटोळ्याचा सूर लागला आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. हळूहळू पुढे आली. पहिल्या बाकावरच्या म्हातारीनेही तोंडाला पदर लावला. त्यांच्याच देवळात, त्यांच्याच गाण्याला. पंधरवड्यापूर्वी हीच माणसं मान घालून बसली होती. ते गप्प बसणं म्हणजेच त्यांची वाहवा, हे आज कळलं, ती मोडल्यावर.

पाटोळे थांबला. ओठ हलत राहिले, आवाज बंद. आणि वरचे सातही आवाज एकदम उघडे पडले. घराखालची भुई काढून घ्यावी तसं. कोणी वर सरकला, कोणी खाली. मास्तरांचा हात चालूच.
ज्याला गिरणी म्हटलं ती भुई होती.
दुसरा भाग लिहीत नाही.

४ एप्रिल
साळवे मास्तर आले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, चार आवाजांचं गाणं, सगळ्यात खालचा सूर धरणाऱ्याने जागा सोडायची नाही. गुड फ्रायडेचं गाणं तर सगळं पाटोळ्यावरच उभं. तो म्हणतो, रांगेत उभा राहीन, गाणार नाही. स्टँडवरही हल्ली फळ्यावर खडूने लिहितो; पुकारायला कंडक्टरांना सांगतो.
जाता जाता म्हणाले, "तुमी लिव्हलं ते खोटं न्हाई, साहेब. तो एकाच सुरावर असतो. तेच त्याचं काम हाय."
चहा घेतला नाही.

९ एप्रिल
माफीचं सदर. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा दुसऱ्या परिच्छेदात विनोद शिरला. संपादकांना विचारलं. ते खूष. गिरणीवर आणखी येऊ द्या म्हणून वाचक मागे लागलेत, माफी असली तरी चालेल. म्हणजे माफीलाही हसणार. मी लोकांना वीस वर्षं दुसरं काही शिकवलेलंच नाही.
फाडलं.

१३ एप्रिल, शुक्र.
स्टँडवर गेलो. पाटोळे खिडकीत. ते लिहिणारा मी, असं म्हटलं. "ठावं हाय," म्हणाला, आणि कुठली गाडी पाहिजे ते विचारलं. गाडी नको म्हटल्यावर हातातला खडू खाली ठेवला.
"वाचून मीबी हसलो, साहेब. लई हसलो. पन आता तोंड उघडलं की मलाच गिरनी ऐकू येती."
मागे रांग होती. बाजूला झालो.

२० एप्रिल, गुड फ्रायडे
मास्तरांनी पुढे जागा ठेवली होती. मी मागे जाऊन बसलो, खुसखुस जिथून सुरू होते तिथे. शेजारी साखर कारखान्यातला एक कारकून. त्याने मला ओळखलं.
"गिरनीवालं तुमीच ना? लई भारी लिव्हलंय. बघा, आता सुरू व्हईल."
"मी चुकीचं ऐकलं होतं," म्हटलं.
"आँ?"
"तो बरोबर होता. मला ऐकता आलं नाही."
छापायला गेलो असतो तर यात काहीतरी गमतीचं घातलं असतं. एका वाचकापुरतं तरी काही न घालता झालं.

आठ जण उभे राहिले. पाटोळे टोकाला. पहिलं कडवं सात जणांचंच, डळमळत. दुसरंही. तिसऱ्याला पाटोळ्याने छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आम्ही अगदी मागे. आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही की निघालाच नाही, सांगता येत नाही. कारकून हसायच्या तयारीतच होता; पण काही ऐकू येईना म्हणून पुढे वाकला, कानामागे हात धरून.
मीही वाकलो.