नेपालगंज, पन्नास मिनिटं

कात्तिक ३
आज छप्पन्न मिनिटं! आमच्या डोंगरातल्या धावपट्टीवरून नेपालगंज विमानाने पन्नास मिनिटं, पायी गेलं तर आठ दिवस. विमान खाली उतरल्याचं रेडिओवर कळेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. वारा नव्हता, ढग नव्हते. मग सहा मिनिटं कशात गेली? मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या वजनकाट्यात! माणसं-सामान तोलून आकडा लिहिणारी मीच.

कात्तिक ४
किती जणांना नाही म्हणू? राजम्याची पोती घेऊन अख्खा गाव माझ्या टेबलाशी. "दिदी, पाच किलोच तर जास्त आहे, करा की कानाडोळा!" केला. ह्याचे पाच, त्याचे आठ. दहा वर्षं हेच चाललंय. कागदावर सगळं मापात — आणि तो कागद बघून क्याप्टन शेरचन माणसं घेतात.

कात्तिक ७
पट्टी संपते तिथे खाली नुसती दरी. आज चाकं अगदी कड्याशी येऊन जमिनीवरून उचलली. कुंपणापाशी उभ्या बायका किंचाळल्या.

दुसऱ्या फेरीला शेरचनसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. "दिदी, काटा म्हातारा झाला का तुमचा?" मी हसले. हसले कसली, दात दाखवले.

कात्तिक ८
पबित्राचे पाय सुजलेत, डोकं ठणकतंय. आठवा महिना. नर्स म्हणाली, "दाब फार चढलाय. इथे माझ्या हातात काही नाही. लेकीला उद्याच खाली पाठवा." यादीत शेवटची जागा मिळाली.

उद्या एक किलोही खोटा लिहायचा नाही. माझी पोर बसणार आहे त्या विमानात. इतकी वर्षं लोकांच्या पोरी बसत होत्या, तेव्हा नाही सुचलं मला! लाज वाटते.

कात्तिक ९
एकेकाला नीट काट्यावर चढवलं. चार पोती परत पाठवली. "स्वतःची लेक चालली तेव्हा धर्म आठवला होय गं!" — ऐकून घेतलं. पबित्रा धरून वजन बरोब्बर मापात.

साहेबांनी कागद पाहिला. "शेवटचं माणूस उतरवा."

"का? मापात आहे!"

"तुमच्या आकड्यात मी नेहमी साठ किलो मिळवूनच उडतो, दिदी. परवा तेही पुरले नाहीत. आता दीडशे धरतो. एक माणूस जास्त होतं."

"आजचा खरा आहे हो, साहेब!"

"म्हणजे बाकीचे?"

पाया पडले, पुन्हा काट्यावर घ्या म्हटलं. पण खोऱ्यात वारा उठायला लागला होता, सगळ्यांना उतरवून चढवायला वेळ कुठला! आत बसलेल्यांना म्हटलं, एकाने तरी उतरा रे. ज्यांची पोती परत पाठवली तेच ते. खिडकीबाहेर बघत बसले. पबित्राला मीच हात धरून उतरवलं. "जाऊ दे गं आई, उद्या जाईन," म्हणाली. साहेबही म्हणाले, उद्या पहिली तीच.

विमान पन्नास मिनिटांत पोचलं. एक मिनिट जास्त नाही.

कात्तिक १०
पहाटे झटके आले. पोर गेली. पोटातलंही गेलं.

विमान वेळेवर आलं. यादीत पहिलं नाव तिचं होतं. मीच खोडलं.